गिरणीच्या आवारातील पेला : वास्तू, अन्न आणि वऱ्हाडी कापूस यांच्या निमित्ताने एका भोजनानुभवाची समीक्षा

प्रास्ताविक

साहित्यकृतीची, नाट्यप्रयोगाची, चित्रपटाची समीक्षा आपण करतो; जेवणाची करीत नाही. महाविद्यालयीन नियतकालिकात एखाद्या उपाहारगृहाची चिकित्सा छापून यावी हे कित्येक सहकाऱ्यांना अप्रस्तुत वाटेल याची प्रस्तुत लेखकास कल्पना आहे. तथापि, भरतमुनींनी रसाची संकल्पना समजावून देताना जो दृष्टान्त घेतला तो स्वयंपाकघरातलाच होता. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न सेवन करणारा सुमनस पुरुष ज्या रीतीने आस्वाद घेतो त्या रीतीने प्रेक्षक स्थायीभावांचा आस्वाद घेतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. काव्यासाठी आपण जेवणाकडून दृष्टान्त उसना घेतला आणि पुढे दोन हजार वर्षे तो परत केला नाही. प्रस्तुत लेखात तो परत करण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

विषय आहे ऐतिहासिक वास्तूतील भोजनाचा, आणि त्यातही 'ब्रूपब' या प्रकाराचा. ज्या जागी बिअर तयार होते त्याच जागी ती जेवणासोबत दिली जाते, ती जागा म्हणजे ब्रूपब. युरोपातील लहानमोठ्या गावांतून हा प्रकार शतकानुशतके रुजलेला आहे. प्राग शहरातील 'उ फ्लेकू' हे मद्यगृह आपला आरंभ १४९९ सालापासून मोजते. तेथे इमारत आणि पेय यांचे नाते कोणी जुळविलेले नाही. ती दोन्ही एकत्रच म्हातारी झाली आहेत. आपल्याकडे हा प्रकार २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आला. पुण्यात २००९ साली सुरू झालेली 'डूलाली' ही या क्षेत्रातील राज्यातली अगदी आरंभीची संस्था. हे नाव देवळालीवरून आले आहे, ही गोष्ट थोड्यांना ठाऊक असते. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत कंटाळून गेलेल्या इंग्रज सोल्जरांमुळे 'डूलाली' हा शब्द इंग्रजीत वेडसरपणाचा वाचक झाला. मराठी गावाचे नाव परदेशी गेले, तेथे वेडे ठरले आणि बिअरच्या पेल्यावर बसून परत आले.

असाच एक प्रवास आमच्याही गावाच्या नावाने केला आहे. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला 'उमरा' म्हणत. उमरावती, म्हणजे आजची अमरावती, हे त्याचे मूळ. हा कापूस मुंबईला ज्या गिरण्यांत गेला, त्यांपैकी काहींच्या आवारात आज ब्रूपब आहेत. अमरावती-अकोल्याच्या वाचकासमोर हा विषय मांडण्याचे खरे कारण हेच.

गिरणीच्या आवारात

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबपासून स्वतंत्र फाटा काढण्यात आला. त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले होते. लक्ष्मण सत्य यांच्या १९९७ च्या ग्रंथाने या वैभवाची दुसरी बाजू अभ्यासकांपुढे ठेवली. त्या ग्रंथाच्या शीर्षकातच वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. कापसाचा इतिहास हा आपल्याकडे नेहमीच जेवणाचाही इतिहास राहिलेला आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेलाच नाही. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे सर्वविदित आहे. कार्यालये, दुकाने आणि उपाहारगृहे आली. मुंबईतील पहिले ब्रूपब म्हणून ओळखले गेलेले 'बार्किंग डिअर' २०१३ मध्ये सुरू झाले, ते लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये.

ज्या ठिकाणाचा अनुभव येथे नोंदवीत आहे ते त्याच परिसरातील, पण निराळे आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही. टीका एका मालकावर नसून एका प्रकारावर आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात एका चर्चासत्रासाठी मुंबईस गेलो असता माझा एक माजी विद्यार्थी मला तेथे घेऊन गेला. तो दर्यापूर तालुक्यातला असून जवळच्याच एका कार्यालयात नोकरीस आहे. आत शिरताना तो म्हणाला, "सर, आपल्याच पऱ्हाटीचा पैसा हाये हा सारा." त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने त्याच्या वडिलांचे शेत अर्धेअधिक संपविले होते, हे मला नंतर कळले.

प्रथम गुणांची नोंद. तेथील बिअर उत्तम होती. मद्याच्या बाबतीत माझा अधिकार अत्यल्प आहे. परंतु गव्हाच्या त्या ढगाळ बिअरला येणारा लवंगेचा व पिकल्या केळ्याचा गंध हा कोणत्याही मसाल्याचा वा फळाचा नसून केवळ किण्वाची करामत आहे, हे तेथल्या तरुण कारागिराने काचेपलीकडची भांडी दाखवीत समजावून दिले, तेव्हा मला अध्यापकाचा आनंद झाला. बाटलीतील बिअर टिकावी म्हणून ती तापवितात. येथली काही दिवसांतच संपवावी लागते. जे प्यायचे ते समोर तयार होते आणि करणारा माणूस दिसतो. आपल्या बहुतेक उपाहारगृहांत स्वयंपाकघर लपविण्याकडे कल असतो. त्या तुलनेत हा प्रामाणिकपणा मोठा आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

वास्तूच्या बाबतीत मात्र हा प्रामाणिकपणा संपतो. गिरणीच्या विणकाम विभागाचे छप्पर करवतीच्या दातांसारखे असते. प्रत्येक दाताची उभी बाजू उत्तरेकडे आणि काचेची, जेणेकरून दिवसभर सावली न पडणारा, सारखा उजेड मागावर यावा आणि तुटलेला धागा डोळ्यांना दिसावा. इमारतीचा हा सर्वांत बुद्धिमान भाग. या ब्रूपबमध्ये त्या सर्व काचा आतून काळ्या रंगवल्या होत्या. दुपारी दोन वाजता आम्ही रात्रीत बसलो होतो. डोक्यावर बॉबिनांचे केलेले दिवे लोंबत होते. वीट उघडी ठेवली होती, लोखंडी खांब तेलपाणी करून चमकवले होते, आणि ज्या कारणासाठी ती इमारत तशी बांधली गेली ते कारण तेवढे झाकून टाकले होते.

रससिद्धान्ताच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे उद्दीपन विभावाची रेलचेल आहे. आलंबन विभाव नाही. चंद्र, उपवन, मंद वारा सारे आहे. ज्याच्याविषयी भाव जागावा ते पात्रच रंगमंचावर नाही. भिंतीवर गिरणी कामगारांचे एक भव्य छायाचित्र होते. खाली नाव नव्हते, साल नव्हते, संप तर नव्हताच. २०२२ मध्ये मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते छायाचित्रही गेलेले होते आणि त्या जागी प्लॅस्टिकच्या हिरव्या वेलींची भिंत आली होती. मला विचाराल तर या दुसऱ्या भिंतीत दांभिकपणा कमी होता.

आता अन्नाविषयी. खाद्यपदार्थांच्या यादीत 'ठेचा' होता. तो कोंबडीच्या तुकड्यांवर लिंपून, साखरेने सौम्य करून, पावाच्या कापांसह देण्यात आला. ठेच्याचा तिखटपणा ही काही मर्दुमकीची गोष्ट नव्हे. कोरडवाहू प्रदेशातील कोरड्या भाकरीला गिळण्याजोगे करण्यासाठी तो जन्मला. भाकरीशिवाय ठेचा म्हणजे संदर्भाशिवाय अवतरण. ज्वारीची भाकरी आहे काय, असे विचारता सेवकाने अदबीने नकार दिला. संगीत इतके मोठे होते की ही विचारपूस दोनदा करावी लागली. आम्हा तिघांचे बिल चार हजार रुपयांच्या वर गेले. २०१७-१८ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,०२० रुपये होता. ही तुलना समीक्षेच्या शिस्तीत बसत नाही, असे कोणी म्हणेल. विद्यार्थ्याने बिलाचा कागद घडी करून खिशात ठेवला. मी तरी ती टाळू शकलो नाही.

याच गिरणगावात जेवणाची एक खरीखुरी परंपरा होती. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे कामगार ज्यांच्याकडे जेवत त्या खानावळवाल्या बायका दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस जणांचा स्वयंपाक करीत आणि पगाराच्या दिवसापर्यंत उधारी सांभाळीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, ही भारतीय अन्नव्यवहाराच्या इतिहासातील मोठी घटना होय. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास उपलब्ध आहे. जयंत पवार यांचे 'अधांतर' आहे. म्हणजे ज्याला माहिती हवी त्याच्यासाठी ती दुर्मीळ नाही. तरीही त्या यादीत खानावळीतला एकही पदार्थ नव्हता.

माझ्या पहिल्या भेटीनंतर महिन्याभरातच, २९ डिसेंबर २०१७ रोजी, लगतच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. जुन्या वास्तूचा पुनर्वापर हा शब्द आपण फार सहज उच्चारतो. त्या दिवसापासून मी प्रथम बाहेर पडण्याचा दरवाजा पाहतो आणि मगच बसतो.

वऱ्हाडातील बाजू

येथवरचे विवेचन वाचून, मुंबईकरांनी वास्तूचा विश्वासघात केला आणि आम्ही तो केला नाही, असे समाधान कोणी मानून घेऊ नये. आमच्या भागातील जिनिंग-प्रेसिंगची आवारे याच इतिहासाचे दुसरे टोक आहेत. अकोल्याची सावतराम मिल बंद पडली. तालुक्याच्या गावांतील कित्येक जिन ओस आहेत. काहींची 'लॉन' झाली आहेत. अशाच एका जिनच्या आवारात, अकोला जिल्ह्यात, एका स्नेह्याच्या निवृत्तीनिमित्त रोडग्यांच्या जेवणाचा योग आला.

रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. यात वर्णन करण्याजोगी नजाकत नाही. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तूप सोडायचे. पण नीट पाहिले तर त्या ताटाचे आणि त्या जागेचे नाते विलक्षण घट्ट होते. वरणाखाली जळत होत्या त्या वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली झाडे. वरण होते तुरीचे, आणि तूर आमच्याकडे पेरतात ती कापसाच्याच ओळींमधून. ज्या शेडखाली पंगत बसली तेथे एकेकाळी सरकी वेगळी होत असे. कोणीही ही योजना केलेली नव्हती, कोणी फलक लावलेला नव्हता. छपराच्या फुटक्या पत्र्यांतून उजेड येत होता आणि पानावर पडत होता. आलंबन आणि उद्दीपन यांचा असा मेळ मी अन्यत्र क्वचितच अनुभवला आहे.

आणि तरीही तो अनुभव मी उत्तम म्हणू शकत नाही. साडेआठच्या सुमारास निम्मे पुरुष उठून शेडच्या मागे गेले. तेथे एका मोटारीच्या डिकीत बाटल्या होत्या. प्लॅस्टिकचे पेले, शेंगदाणे, उभ्याने आणि घाईने पिणे. ही मंडळी परतल्याशिवाय पंगत पूर्ण होईना, आणि पुरुषांची पंगत झाल्याशिवाय स्त्रियांची बसेना. शेवटची पंगत बसली तेव्हा अकरा वाजून गेले होते, रोडगे गार झाले होते आणि तूप थिजले होते. रस हा सामाजिकाला प्रतीत होतो असे आपण शिकवतो. येथे निम्मे सामाजिक भुकेले बसून होते.

मुंबईच्या त्या काळ्या काचांखाली, शेजारच्या मेजावर, एक वृद्ध बाई आपल्या मुलीबरोबर निवांत जेवत बसल्या होत्या. त्यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. हे दृश्य मला अमरावतीच्या वा अकोल्याच्या कोणत्याही परमिट रूममध्ये आढळलेले नाही. 'परमिट रूम' हा शब्दच पाहा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागू केला; त्या परवान्याची खोली ती परमिट रूम. म्हणजे आपल्याकडे मद्याबरोबरच्या जेवणाला प्रथमपासूनच जागा मिळाली ती सवलत म्हणून, पडद्याआड. अंधार, पडदा, पलीकडे 'फॅमिली सेक्शन' या नावाचे लाकडी खोके. अशा ठिकाणचा रस्सा पुष्कळदा फार चवदार असतो, हे कबूल केले पाहिजे. पण काय खातो आहोत ते दिसत नाही.

या लपविण्यामागे केवळ ढोंग आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा आणि देहावसान वलगावजवळचे (२० डिसेंबर १९५६). तुकडोजी महाराज यावलीचे. या दोघांनी गावोगाव फिरून दारूविरुद्ध जे सांगितले ते ऐकून ज्या घरांतील चूल पेटत राहिली त्या घरांतील मुले आज आपल्या वर्गात बसतात. काही आपल्या अध्यापक-कक्षातही बसतात. वर्धा नदी ओलांडली की कायदाच बदलतो, कारण वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. ज्या प्रदेशात कर्ज, नापिकी आणि आत्महत्या हे शब्द वर्तमानपत्रात एकाच ओळीत येतात तेथे पेल्याच्या सौंदर्याविषयी लिहिताना लेखणी अडखळते, आणि ती अडखळावी हेच योग्य. माझा आक्षेप बंदी मागणाऱ्या स्त्रीवर नाही. ज्याने पडद्याआड पिणे आणि तिला शेवटच्या पंगतीस बसविणे या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी केल्या, त्याच्यावर आहे.

ज्वारीचा प्रश्न

स्थानिक पेय हा कोणत्याही ब्रूपबचा आत्मा मानला जातो. वऱ्हाडातील स्थानिक धान्य ज्वारी. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पारंपरिक आहे. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्लीच्या माल्टची आयात बंद केल्यावर तेथील मोठ्या कारखान्यांनीही ज्वारी स्वीकारली. तांत्रिक अडचणी आहेत. मोड आलेल्या ज्वारीत पिठूळ सत्त्वाची साखर करणारी विकरे कमी असतात, आणि दाण्याला बार्लीसारखे टरफल नसल्याने गाळणे कठीण जाते. पण या अडचणी सोडवता येण्याजोग्या आहेत.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. २००७ मध्ये राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क निर्माण करणाऱ्या कारखान्यांसाठी लिटरला दहा रुपये अनुदानाची योजना आणली. ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याला भाव मिळेल असे सांगण्यात आले. भाकरीच्या धान्याची दारू करण्यास तिजोरीतून पैसा द्यावा काय, या प्रश्नावर पुढे राज्यभर मोठा विरोध झाला आणि तो रास्तही होता. त्या वादात एक गोष्ट मात्र विरून गेली. ज्वारी ताटातून आणि शेतातून आधीच हद्दपार होऊ लागली होती. १९९० नंतर सोयाबीनने तिचे क्षेत्र घेतले, आणि रेशनच्या गव्हाने भाकरीची जागा घेतली. जिनच्या त्या पंगतीतही रोडगे गव्हाचेच होते.

मेळघाटातील मोहाची कथा याहून कडू आहे. कोरकूंच्या जन्म-लग्न-मरणाच्या विधींत जिला स्थान आहे ती मोहाची दारू कायद्याच्या लेखी गुन्हा ठरली. मोहफुले गोळा करणे व साठवणे यांवरची बरीच बंधने २०२१ मध्ये सैल झाली, ती एवढ्या वर्षांनी. शेजारच्या गोव्यात फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये ती राज्याचे वारसा पेय झाली. दोन्ही पेये झाडावरूनच येतात. फरक इतकाच की एक बागेतले आहे आणि दुसरे जंगलातले.

गेल्या वर्षी माझ्या त्या विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. नोकरी सोडून अकोल्याकडे एक बंद जिन भाड्याने घ्यावे, तेथे ज्वारीची बिअर आणि आपल्याकडचे जेवण द्यावे, असा त्याचा मनसुबा आहे. परवाने, पाणी, भांडवल यांविषयी त्याने पुष्कळ विचारले, मला त्यातले काही कळत नसल्याने मी एवढेच विचारले, "तुझी आई आली तर ती कुठं बसन, ते सांग." तो हसला आणि आराखडा पाठवतो म्हणाला.

आराखडा आला आहे. छपराच्या काचा स्वच्छ करून उघड्या ठेवल्या आहेत, चूल मध्यभागी आहे, बाहेर पडण्याचे दोन दरवाजे आहेत, आणि यादीत रोडग्यांच्या वर ज्वारीची भाकरी आहे. 'फॅमिली सेक्शन' मागील बाजूस, सरकीच्या गोदामाला लागून दाखविला आहे. त्याला खिडकी नाही.